फळ्यांची वाट

गेटमधून आत शिरल्यावर सुगंधा सवयीनं डाव्या अंगाला सरकली. हातातली पिशवी तिनं पोटाशी धरली, पदर आवरला आणि भिंतीला खेटून ती दोन पावलं चालली. मॉरिसच्या पुढच्या बंपरला पदर अडकायचा, एकदा चांगली वीतभर फाटलाही होता, तेव्हापासून या जागी तिचं अंग आपोआप असं चोरलं जायचं. मग तिच्या लक्षात आलं की आपण ज्याला वळसा घालतोय ते तिथं नाहीच. गाडीची जागा रिकामी होती. रिकामी म्हणजे किती रिकामी, की पलीकडच्या विंगचं दार, त्यातली मीटरची पेटी, तिच्यावर वाळत टाकलेलं कुणाचं तरी पायपुसणं असं सगळं एकदम दिसलं. इतकी वर्षं ते दिसलंच नव्हतं. पिशवीतली मेथी दंडाला ओली लागत होती. ऊन कडक होतं, पंच्याऐंशी सालचा एप्रिल, आणि मुलुंडच्या त्या कंपाउंडमध्ये सुगंधा नसलेल्या गाडीसाठी अंग चोरून उभी होती. तिचे यजमान जयवंतराव जानेवारीत गेले तेव्हा घरात माणसं होती, धावपळ होती, कुणी ना कुणी हाताला धरून बसवत होतं. तेव्हा असं झालं नव्हतं. आत्ता मात्र पायाखालची पायरी चुकल्यासारखा तिनं भिंतीला हात टेकला.

"काकू, अहो सांगायला वर आलो होतो मी. तुम्ही बाजारात गेला होतात." सोसायटीचा सेक्रेटरी नंदकुमार पंपाच्या खोलीकडून हात झटकत आला. "टाकीसाठी खणायचंय ना इथं. मजुरांनी ढकलत मागं नेलीय. एकदम सांभाळून नेली, मी स्वतः उभा होतो."

"बरं केलंत," सुगंधा म्हणाली.

"पण मागंही फार दिवस नाही ठेवता येणार, काकू. वाळू, खडी सगळं तिकडंच पडणार." तो जरा घुटमळला. नंदकुमार वाईट मुलगा नव्हता. जयवंतरावांच्या वेळी हॉस्पिटलात दोन दिवस तोच धावला होता. "तुम्ही काय ते ठरवा सावकाश. म्हणजे, अगदी सावकाश नको. समजून घ्या."

ती समजून घेते असं म्हणाली आणि वर जायच्या ऐवजी इमारतीला वळसा घालून मागं गेली. मॉरिस पंपाच्या खोलीजवळ तोंड भिंतीकडं करून उभी होती, शाळेत शिक्षा केलेल्या मुलीसारखी. अडतीस सालची, काळी, चाकांवरचे गोल मडगार्ड गडद लाल. दार उघडून सुगंधा आत बसली तेव्हा तिला कळलं की आपण आपल्या जागेवर बसलोय, डाव्या बाजूला, आणि उजवीकडं बसायचा विचारसुद्धा मनात आला नाही. आत तापलेल्या चामड्याचा आणि पेट्रोलचा वास होता. हा वास त्यांच्या शर्टांना असायचा, उशीला असायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत तो सिमेंटचा होता. मग कधीतरी बदलला. कधी, ते आता आठवत नव्हतं. नवऱ्याचा वास बदलतो आणि बायकोला ती तारीख आठवत नाही, याचं तिला बसल्या बसल्या आश्चर्य वाटलं. मेथीची पिशवी तिनं पायाशी ठेवली आणि काच खाली केली.

तेराव्याला माणसं आली होती ती तिला आठवत राहिली. कुठून कुठून आली होती. राजापूरकडून राजाराम मुकादम आला होता, सत्तरी उलटलेला, नातवाचा हात धरून. जिन्यात त्याला धाप लागली तरी तो बसायला तयार नव्हता. जयवंतरावांच्या फोटोसमोर उभा राहून तो आधी रडला आणि मग, काय आठवलं कुणास ठाऊक, डोळे पुसत हसायलाच लागला. "काय हसवायचे साहेब! पोटात दुखायचं आमच्या. काँक्रीट ओतायच्या रात्री अख्ख्या गँगला जागं ठेवायचे गोष्टी सांगून." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, नकला काय करायचे. कुणी म्हणालं, गाणं म्हणायचे. सुगंधा चहाचे कप भरत होती. तिच्या हातातली किटली क्षणभर थांबली. ही माणसं चुकीच्या घरी तर आली नाहीत? तिच्या घरात जो माणूस तीस वर्षं राहिला तो सकाळी पेपर वाचायचा, संध्याकाळी आल्यावर "चहा" म्हणायचा, जेवताना मीठ कमी असेल तर मीठ मागायचा नाही, स्वतः उठून घ्यायचा. तो वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. पण नकला? तेव्हापासून तिच्या मनात एक विचित्र टोचणी लागून राहिली होती, की आपण कुणा भलत्याच माणसाच्या विधवा झालो आहोत. खरा माणूस या लोकांकडे होता, ते त्याच्यासाठी रडले, आणि आपल्या वाट्याला त्याचा सदरा आला.

त्याला कारणही होतं, म्हणजे तिनं मनाशी एक कारण तयार केलं होतं. जयवंतराव मालवणकडचे. वडील लालबागच्या गिरणीत, सहा जण एका खोलीत, त्यातून शिष्यवृत्तीवर शिकून इंजिनियर झालेले. सुगंधा पेणची, मास्तरांची मुलगी. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात ते काहीतरी मालवणीत बोलले आणि तिला हसू आलं. वाईट हेतूनं नव्हे. अठरा वर्षांची होती, कानाला गंमत वाटली. ते पुन्हा तिच्याशी तसं बोलले नाहीत. तिच्याशी कायम पुस्तकातलं, शुद्ध, मोजून-मापून. साइटवर मुकादमाशी, मजुरांशी, गावाहून आलेल्या चुलत्यांशी मात्र वेगळीच भाषा, आणि त्या भाषेत त्यांचा आवाजही वेगळा, मोकळा, घशातून न येता पोटातून येणारा. स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकू यायचा आणि ती बाहेर आली की थांबायचा. एका हसण्यानं एवढं होतं का? होत असेल. की नसेलच तसं काही, तेव्हाच नाही तर नंतर कधीतरी ते गप्प झाले असते? गाडीत बसून ती हे पुन्हा पुन्हा तपासत राहिली. भिंतीवरून एक मांजर चालत गेलं आणि बॉनेटवर उतरून निवांत बसलं.

ती गाडी त्रेसष्ट साली आली. त्याआधी आठ-नऊ वर्षं ते कोकणातल्या खाड्यांवर पूल बांधत फिरत होते आणि सुगंधा लेकीला, जानकीला, कडेवर घेऊन त्यांच्यामागून पत्र्याच्या शेडांमधून फिरत होती. एक पूल झाला की ट्रंका बांधायच्या, पुढच्या खाडीच्या काठी सोडायच्या. मग एका पुलाच्या वेळी काहीतरी बिनसलं. एका खांबाचं काँक्रीट जयवंतरावांना पसंत पडलं नाही, त्यांनी तो खांब फोडायला लावला. ठेकेदार वरपर्यंत गेला. खांब फोडला गेला, पुन्हा ओतला गेला, पूल उभा राहिला, आणि जयवंतरावांची बदली मुंबईला झाली, कचेरीतल्या टेबलावर. दुसऱ्यांच्या पुलांचे नकाशे तपासायचे. त्याबद्दल घरात ते एक अक्षर बोलले नाहीत. महिन्याभरात मात्र मालाडच्या बाजूला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती माणसाकडून ही गाडी घेऊन आले. घेऊन आले म्हणजे टेम्पोत घालून आणली. तिला चाकं तीनच होती. पहिली दोन वर्षं ती चाललीच नाही. रविवार आला की गोणपाट अंथरून ते गाडीखाली जायचे आणि सुगंधाला त्यांचे फक्त पाय दिसायचे. आधी पूल सवत होता, आता ही, असं ती शेजारणींना हसत सांगायची. हसत सांगायची, पण ते खरं होतं. कधी गॅलरीतून बघताना तिला वाटायचं, की खाली जावं आणि त्या पायांना विचारावं, की मी काय केलं म्हणून तुम्ही असे सारखे कशाच्या तरी खाली असता?

आणि खाड्यांच्या त्या दिवसांतला एक दिवस होताच. तो ती सहसा आठवत नसे, कारण आठवला की राग यायचा, आणि मेलेल्या माणसावर रागावणं तिला बरं वाटत नव्हतं. पण आता मागच्या भिंतीकडं बघत बसल्यावर तो दिवस आपण होऊन पुढ्यात आला. पंचावन्न साल. जानकी पोटात, दिवस भरायला तीन आठवडे बाकी. राजापूरच्या खालच्या अंगाला ती मोठी खाडी, अलीकडच्या काठावर त्यांची शेड आणि पलीकडच्या गावात दवाखाना, नर्स, सगळं. पहाटेपासून वारा सुटला होता आणि दुपारी सुगंधाच्या कळा सुरू झाल्या. तरीवाल्यानं होडी ओढून वर ठेवली होती. तो हात जोडून म्हणाला, बाई, या पाण्यात घातली तर दोन जिवांना बुडवीन. पूल अर्धा झाला होता. खांब उभे होते, वरचा रस्ता नव्हता. खांबाखांबावरून कामगारांना जायला लाकडी फळ्या टाकून एक वाट केली होती, एका वेळी एक माणूस जाईल एवढी, एका बाजूला दोर. जयवंतराव शेडमध्ये आले, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "उठ." एवढंच. फळ्यांवर ते पुढं झाले, तिच्याकडं तोंड करून; तिचे दोन्ही हात धरले आणि उलट्या पावलांनी मागं मागं चालू लागले. खाली पाणी गढूळ, पांढऱ्या फेसाचं. वाऱ्यानं फळ्या डुलत होत्या. आणि त्या अख्ख्या वाटेवर तो माणूस फणसाबद्दल बोलत होता! त्यांच्या आईची फणसाची भाजी कशी, कोवळ्या कुयरीची वेगळी आणि मोठ्या फणसाची वेगळी, आठळ्या कशा भाजायच्या, फोडणीला काय आधी आणि काय नंतर. कळ आली की सुगंधा थांबायची, डोळे मिटायची. ते थांबायचे आणि थांबून आठळ्यांबद्दल बोलत राहायचे. दुखतंय का, म्हणून विचारलं नाही. घाबरू नकोस, म्हणाले नाहीत. ती दातांवर दात दाबून एकच म्हणत होती, "चला. चला हो. चला."

जानकी त्या संध्याकाळी पलीकडच्या काठावर झाली. पुढं पुलाचं उद्घाटन झालं, कुणा मंत्र्यांनी फीत कापली, आणि मुलीला मांडीवर घेऊन मंडपात बसलेल्या सुगंधाला वाटलं, की या पुलावरून पहिली गेले ती मी. पण हे कुणाला सांगावं असं तिला कधी वाटलं नाही. सांगायचं तर फणसाचंही सांगावं लागलं असतं. बाईच्या तशा वेळी हा माणूस जेवणाखाण्याचं बोलत होता, त्याच्या काळजाच्या जागी काय होतं, सिमेंट? हा प्रश्न तिनं त्या दिवशी मनात ठेवला आणि त्यावर तीस वर्षांचा संसार केला. चांगला केला. मुलीचं लग्न झालं, जावई सज्जन मिळाला, मुलुंडला जागा झाली. जयवंतराव रिटायर झाले आणि मॉरिस नव्यासारखी झाली, इतकी छान की जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत तिच्यासाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या. जानेवारीतल्या एका रविवारी बॉनेट उघडं टाकून ते चहाला वर आले, अर्धा कप प्यायले, "जरा पडतो" म्हणाले. तेही शुद्ध मराठीतच.

मांजर उठून गेलं. सुगंधा वर आली, तिनं मेथी निवडली. संध्याकाळी अंधेरीहून जानकीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "गाडी मागं टाकलीय."

"आई, मी किती दिवस सांगतेय, देऊन टाक ना कुणाला तरी चांगल्या माणसाला. आणि तू इकडं ये. एकटी काय करतेस तिथं?"

"भाजी निवडते."

"गंमत करू नकोस गं. अंबादासकाकांना विचार. बाबांच्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेलं बाबांनाच आवडायचं नाही."

अंबादास गावडेला फोन नव्हता. नंदकुमारनं बोरिवलीला निरोप पोहोचवला. हा अंबादास गिरणीत फिटर होता, संपानंतर त्याची गिरणी काही उघडली नाही, तेव्हा बोरिवलीत जावयाच्या जागेत त्यानं लहानसं गॅरेज टाकलं. जयवंतरावांशी त्याची ओळख लालबागपासूनची, आणि मॉरिसवर दोघांचे कितीतरी रविवार गेलेले. सुगंधा त्याला चहा द्यायची, तो "वहिनी, झकास" म्हणायचा, याच्यापुढं त्यांचं बोलणं गेलं नव्हतं. तो पुढच्या रविवारी सकाळी आला, बुटका, केस सगळे पांढरे, मिशा मात्र काळ्या. गाडीभोवती एक फेरी मारून तो बॉनेटवर हात ठेवून नुसता उभा राहिला.

"वहिनी, मला विकत नको," तो म्हणाला. "माझी ऐपतही नाही आणि मला ते बरंही वाटायचं नाही. शेडमध्ये ठेवतो. गाडी तुमची. महिन्यातून दोनदा फिरवीन, नाहीतर मरते ती. चालेल?"

"चालेल," सुगंधा म्हणाली. इतकं सोपं होतं, आणि आपण आठवडाभर त्याच्याशी कुस्ती खेळत होतो.

त्यानं हँडल घालून फिरवलं. तिसऱ्या की चौथ्या फिरकीला इंजिन खोकललं, अंगभर थरथरलं आणि लागलं. वरच्या गॅलऱ्यांतून मुलं ओरडली. अंबादास घाम पुसत आत बसला आणि मग त्यानं डावीकडचं दार आतून उघडलं. "या की. नाक्यापर्यंत तरी."

ती नाक्यापर्यंत म्हणून बसली. नाका आला तेव्हा तो थांबला नाही आणि तिनंही म्हटलं नाही. भांडुप गेलं, मग गाडी पवईकडं वळली. तलावावर चकचकीत ऊन पडलं होतं. वळताना दारामागच्या खांबातून इशाऱ्याचा छोटा लाल हात टक्कन बाहेर आला आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं खूश होऊन हॉर्न दिला. अंबादास गाडीशी बोलत होता, चल गो बाय, चढ. सुगंधा काही ऐकत होती, काही नाही. घरी परत कसं जायचं, याचा विचार तिला करायचा होता, तो होत नव्हता. जोगेश्वरीला हायवे लागला, गाडीनं वेग धरला, आणि पुढं नाल्यावरचा एक लहानसा पूल आला. इतका लहान की बसमधून जाताना कळतही नाही. अंबादास हसला.

"साहेब असते तर आता गप्प झाले असते."

"म्हणजे?"

"पूल आला की साहेब गप्प. दोन्ही हात स्टेअरिंगवर असे घट्ट. पूल संपला की सोडलेलं वाक्य तिथून पुढं."

हे सुगंधाला माहीत होतं. "कठड्याचं, सांध्याचं काम बघत असायचे ते," ती म्हणाली. "सवय असते."

अंबादासनं तिच्याकडं वळून बघितलं, मग रस्त्याकडं. "वहिनी, तुम्हाला माहीत नाही?" तो म्हणाला. "साहेबांना उंचीची भीती होती. लहानपणापासून. चाळीच्या गच्चीवर नाही यायचे आमच्याबरोबर पतंग उडवायला."

"काहीतरीच. सगळी हयात पुलांवर गेली त्यांची."

"तेच तर. रोज सकाळी वर चढायच्या आधी शेडच्या मागं जाऊन उलटी करून यायचे म्हणे, पहिली काही वर्षं. नोकरी दुसरी मिळत होती का तेव्हा? घरात सहा तोंडं. मग सवय झाली, पण भीती गेली नाही. फक्त राजाराम मुकादमाला ठाऊक होतं, आणि मला." त्यानं गियर बदलला. "तुमची ती बाळंतपणाची गोष्ट मला कितीदा सांगितली असेल! फळ्यांवरची."

सुगंधाचे हात मांडीवर होते ते तसेच राहिले. "काय सांगायचे?"

"उलटे का चालले, ते. समोर तोंड करून गेलो असतो तर पाणी दिसलं असतं, म्हणायचे, आणि पाणी दिसलं असतं तर तिथंच खाली बसलो असतो. तुमच्या तोंडाकडं बघत राहिलं की खाली बघायला नको." तो बोलता बोलता जयवंतरावांच्या आवाजात शिरला, सुगंधाला आधी ते कळलंच नाही, तिच्या अंगावर नुसता काटा आला. "'अंबादास, माझे पाय लटपटत होते रे. तोंड बंद केलां असतां तर दात वाजाक लागले असते. म्हणान बोलत सुटलंय, फणस काय, आठळ्यो काय, माका दुसरां कायच सुचा नाय. ती म्हणा होती, चला, चला. तिनाच माका पलीकडे न्हेल्यान.'"

रस्त्याच्या कडेनं झाडं जात होती. तिचे हात तिला आठवत होते, म्हणजे त्यांनी धरलेले. किती घट्ट धरले होते! दुसऱ्या दिवशी मनगटांवर वळ होते आणि नर्सनं विचारलं होतं, हे काय? आपल्याला सांभाळायला धरलेत असं तिनं धरून चाललं होतं. एवढं तरी केलं, असं. ते हात गार होते, घामेजलेले होते, हे तिच्या हातांना तेव्हाही कळलं होतं. तिनंच त्याचा अर्थ लावला नव्हता. आपल्या कळांमधून, आपल्या रागामधून तिनं त्यांच्या तोंडाकडं कितीदा बघितलं असेल? ते मात्र नजर काढत नव्हते. तीस वर्षं तिला वाटत आलं की त्या फळ्यांवर ती एकटी होती. आणि तिथं दुसरं कुणीतरी तिच्याहून जास्त घाबरलेलं, तिच्या 'चला'ला धरून एकेक पाऊल मागं टाकत होतं. तिला चीड आली, अगदी ताजी, जिवंत माणसावर येते तशी.

"मला का नाही सांगितलं?"

"मी विचारलं होतं एकदा. तर म्हणाले, 'तिका वाटता घोव धीराचो आसा. वाटांदे.'"

"धीराचा!" सुगंधा म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. "मला तो धीर वाटला नव्हता हो, अंबादास. मला वाटलं..." पुढचा शब्द तिनं गिळला. तो या माणसाला सांगायचा नव्हता, कुणालाच नव्हता. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला, तरी समोरचं धूसरच राहिलं, तेव्हा तिनं तो काढून मांडीवर ठेवला. एकाला वाटत होतं बायको आपल्याला शूर समजते, म्हणून तो गप्प राहिला. एकीला वाटत होतं नवऱ्याला काळीजच नाही, म्हणून ती गप्प राहिली. दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं. कसला संसार, आणि तरी तो झाला. अंबादासनं गाडी कडेला घेतली नाही, पाणी विचारलं नाही, तो नुसता चालवत राहिला, याबद्दल तिला त्याचे उपकार वाटले. कांदिवली गेली. हळूहळू रस्त्यावरच्या पाट्या पुन्हा वाचता येऊ लागल्या आणि तिला जाणवलं की आत काहीतरी सैल झालंय, बरं की वाईट ते ठरवायची गरज नसल्यासारखं.

बोरिवलीत गॅरेजपाशी गाडी आली. पत्र्याची शेड, पुढं एक स्कूटर सोललेली. अंबादास उतरून दार उघडायला निघाला तर सुगंधा जागची हलली नाही.

"हा रस्ता पुढं कुठं जातो?"

"गोराईच्या खाडीवर. तिथून होडीनं पलीकडं."

"तिथपर्यंत घ्या ना. आणखी सांगा काही. ते नकला करायचे असं लोक सांगत होते."

"करायचे की, माझ्याच करायचे!" अंबादास पुन्हा आत बसला. त्याचा चेहरा एकदम उजळला होता. बिचाऱ्यालाही तीन महिने कुणी विचारलं नसावं. "काय सांगू? बरं, दशावताराचं सांगतो. पण साहेबांनी शपथ घातली होती हां, वहिनींना सांगायचं नाही म्हणून."

"सांगा."

खाडीच्या धक्क्यावर त्यानं गाडी उभी केली. ओहोटी होती, तिवरांच्या मुळांशी चिखल उघडा पडला होता आणि वारा खारट, गरम येत होता. दोन कोळणी रिकाम्या पाट्या उलट्या घालून त्यांच्यावर बसल्या होत्या, त्या गाडीकडं बघून आपापसात काही बोलल्या. अंबादासनं इंजिन बंद केलं. "त्याच साइटवर. तुम्ही बाळाला घेऊन पेणला गेला होतात. मजुरांनी धयकालो ठेवलेला, दशावतार, आणि राणीचं काम करणारा आयत्या वेळी तापानं आडवा. आता दुसरं कोण? तर सगळ्यांत गोरा माणूस कोण, साहेब! ते नाही म्हणता म्हणता तयार झाले. बोलायचं काही नव्हतं, राजा मेला की राणीनं नुसतं रडायचं. तर मरताना राजा झालेल्या राजारामची खोटी मिशी निघून साहेबांच्या पदरावर पडली आणि राणी अशी हसत सुटली, अशी हसत सुटली, की मेलेला राजा उठून बसला!"

सुगंधाच्या ओठांचे कोपरे हलायला लागले होते. राणीच्या वेशातला, पोट धरून हसणारा तो माणूस तिला दिसत होता. दिसायला काही अडचण पडत नव्हती, हेच नवल. मग ती एकदम थांबली.

"अंबादास. साडी कुणाची नेसले होते?"

अंबादासनं खाडीकडं बघितलं. "ते... तिथं दुसऱ्या कुणाची मिळणार, वहिनी? ट्रंकेतली."

"जांभळी? जरीच्या काठाची?"

"रंग मला कसा ठाऊक? एवढं सांगायचे, की पदराला तोंडाचा लाल रंग लागला तो धुतला तरी गेला नाही."

"लग्नातली होती ती माझी!" सुगंधा ओरडली. "त्या डागावरून मी धोब्याशी भांडले. वर्षभर बोलले नाही त्याच्याशी. हे समोर पेपर वाचत बसले होते, एक शब्द नाही काढला!" आणि तिला हसू फुटलं, ते आवरेना, ती डॅशबोर्डवर हात ठेवून हसत राहिली, कोळणी वळून बघायला लागल्या, अंबादासही हसायला लागला. श्वास लागला तेव्हा तिनं दार उघडून पाय बाहेर सोडले, वाऱ्याकडं तोंड केलं.

"मग?" ती म्हणाली. "राणी हसली, मग पुढं काय केलं लोकांनी?"